पोथीतलं गाणं, दगडातलं गाणं : बुर्गोस ते विगो

मंगळवार : बुर्गोस

माद्रिदहून सकाळी निघालो आणि दुपारच्या आत बुर्गोसला पोचलो. ताई, म्हणजे माझी मामेबहीण, माद्रिदला नोकरी करते. गाडी तिचीच, रस्ते उत्तम, त्यामुळे प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सांगायचं आहे ते गाण्याबद्दल. मी शास्त्रीय गाणं शिकते. युरोपात बाराव्या-तेराव्या शतकात लोक काय गात होते, कुठे उभे राहून गात होते, हे त्या त्या जागी जाऊन पाहायचं फार वर्षं मनात होतं. उत्तर स्पेनचा हा पट्टा निवडला, कारण मठात गायलं जाणारं आणि चौकात वाजवलं जाणारं, दोन्हीच्या खुणा इथे एकमेकींपासून फार दूर नाहीत.

बुर्गोस साडेआठशे मीटर उंचीवर आहे. इथले लोक म्हणतात, आमच्याकडे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. ऑक्टोबर म्हणजे हिवाळ्याची सुरुवात. ऊन लख्ख होतं, पण वारा कान कापत होता. गावाच्या कडेला लास उएल्गास हा सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या जोगिणींचा मठ आहे. कॅस्टिलचा राजा आठवा अल्फोन्सो आणि राणी लेओनोर यांनी तो ११८७ साली स्थापला. जोगिणी आजही तिथे राहतात. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर, गटानेच सोडतात आणि बोलणं सगळं स्पॅनिशमध्ये. ताई भाषांतर करून सांगत होती. थोड्या वेळाने मार्गदर्शक बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्या आमच्यासाठी प्रत्येक वाक्यानंतर थांबू लागल्या. गटातल्या बाकीच्यांनीही कुरकुर केली नाही.

जोगिणींच्या गाण्याच्या जागेतच, मधोमध, राजा-राणीची जोड-शवपेटी आहे. दोघंही १२१४ च्या ऑक्टोबरात, काही आठवड्यांच्या अंतराने गेले. मी तिथे बराच वेळ रेंगाळले, त्याला कारण लेओनोर. ती इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची आणि अ‍ॅक्विटेनच्या एलिनॉरची मुलगी. एलिनॉरचे आजोबा नववे विल्यम हे आज ज्यांची गाणी हाती आहेत असे सर्वांत जुने त्रुबादूर, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या प्रेमगीतकारांच्या परंपरेचा पहिला ज्ञात कवी. म्हणजे या मठाची स्थापना करणारी राणी त्या पहिल्या त्रुबादूराची पणती. तिच्या दरबारात प्रेमगीतं गाणारे येत-जात होते आणि तिनेच उभारलेल्या मठात पुढे युरोपातला एक मोठा धार्मिक गीतसंग्रह तयार झाला.

तो संग्रह म्हणजे लास उएल्गासची पोथी. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिहिली गेली, १८६ रचना, त्यातल्या बहुतेक एकाहून अधिक आवाजांच्या, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गायच्या. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधल्या अशा गाण्याची शैली इथे कॅस्टिलपर्यंत पोचलेली दिसते. राजाच्या मृत्यूवरचा विलापही तिच्यात आहे. ज्या मठासाठी ती लिहिली गेली तिथेच ती आजही आहे. आम्ही पाहिली ती पानांची छायाचित्रं. माझं लक्ष वेधलं ते दोन आवाजांच्या एका छोट्या तुकड्याने, ज्यात ‘उत, रे, मी, फा’ हे स्वरच शब्द म्हणून गायचे आहेत. हा जोगिणींच्या सरावाचा पाठ. ही स्वरनावं अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझोच्या ग्विदो या भिक्खूने एका स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून रूढ केली, म्हणजे पाठ लिहिला गेला तेव्हा ती जुनी झाली होती. आणि पोथीच्या आधीच्याच, तेराव्या शतकात आपल्याकडे देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी, शार्ङ्गदेव ‘संगीतरत्नाकर’ लिहीत होता. सा-रे-ग-म म्हणून गळा घोटवणाऱ्या मुली तिकडेही असणार.

काही अभ्यासकांना वाटतं, इतकं अवघड बहुस्वरी गाणं जोगिणी गात नसतील, मठातले पुरुष पुरोहित गात असतील. सिस्टर्सियन पंथाचा तर अशा गाण्याला विरोधच होता. मला हे पटत नाही. इथल्या मठाधिपती बाईंचा अधिकार इतका होता की त्या थेट पोपला उत्तरदायी होत्या, स्थानिक बिशपला नाही. सरावाचा पाठ पोथीत आहे तो कुणीतरी सराव करत होतं म्हणून.

जेवायला लसणाचं सूप, त्यात शिळा पाव आणि वर सोडलेलं अंडं; नंतर इथलं ताजं पांढरं चीज, मध आणि अक्रोड घालून. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला ‘अंडं नको’ असं आधीच सांगावं लागेल, आणि सुपात हॅमचे तुकडे असतात का तेही विचारून घ्यावं. दुपारचं जेवण दोनच्या आधी मागू नये, स्वयंपाकघरच सुरू झालेलं नसतं.

बुधवार : सिलोस

बुर्गोसपासून साठेक किलोमीटरवर सांतो दोमिंगो दे सिलोस. वाटेत आधी कापलेली शेतं, मग तांबूस खडक. गावाजवळ येक्ला नावाची अरुंद घळ आहे, तिच्या भिंतीला लागून पायवाट बांधली आहे, आणि वर गिधाडं घिरट्या घालत असतात. अर्धा तास काढून ती जरूर चालावी.

सिलोसच्या मठाचं आवार, म्हणजे मधल्या अंगणाभोवतीची दुमजली ओवरी, अकराव्या-बाराव्या शतकातली आहे. कोपऱ्यांतल्या खांबांवर माणसाच्या उंचीची शिल्पं आहेत. त्यातलं एक संत थॉमसचं. येशू पुन्हा जिवंत झाला यावर त्याचा विश्वास बसत नाही आणि तो जखमेत बोट घालून खात्री करतो, तो प्रसंग. (हाच थॉमस पुढे दक्षिण भारतात आला अशी परंपरा आहे, चेन्नईत मैलापूरला त्याच्या नावाचं चर्च आहे.) सगळे शिष्य ओळीत, गंभीर. पण त्या सगळ्यांच्या डोक्यावर, शिल्पाच्या चौकटीच्या वरच्या कडेला, तटबंदीवर बसल्यासारखी छोटी माणसं आहेत. दोन पुरुष शिंगं फुंकताहेत आणि दोन बायका हातातली खंजिरीसारखी वाद्यं वाजवताहेत. ही देवदूतांची मंडळी नाही, रस्त्यावरची आहे. मायर शापिरो या कलेतिहासकाराने १९३९ साली या चौघांकडे लक्ष वेधलं आणि म्हटलं, मठाच्या भिंतींबाहेर गावं वाढत होती, लौकिक कलावंतांना मान मिळू लागला होता, त्याची ही खूण.

ताई म्हणाली, “अगं, यांची गाणी कुठे लिहिलेली सापडतात का?” सापडत नाहीत. लिहिता येणारे लोक मठात होते, चर्मपत्र महाग होतं, आणि मठाने लिहिलं ते मठाच्या कामाचं. शिंगं आणि खंजिरी वाजवणाऱ्यांचं गाणं तोंडोतोंडी राहिलं आणि गेलं. उरली ती त्यांची मूर्ती, आणि तीही एका धार्मिक प्रसंगाच्या कडेला. पुढच्या प्रत्येक मुक्कामी मी हेच शोधत राहिले: शब्द आणि सूर कुठे लिहिले गेले, आणि वाद्यं व वाजवणारे कुठे कोरले गेले.

संध्याकाळी वेस्पर्स, म्हणजे मठातली सायंप्रार्थना. चर्च अठराव्या शतकातलं, कोरं, जवळजवळ काहीच सजावट नसलेलं. भिक्खू दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिले आणि स्तोत्राचं एक कडवं या बाजूने, एक त्या बाजूने, असं गाऊ लागले. लॅटिन, वाद्याच्या आधाराशिवाय, सगळे एकाच सुरात. ताल नाही, लय शब्दांतून येते. आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक थांबा. तो थांबा इतका समान, इतका निश्चित, की पहिल्या पाच मिनिटांनंतर माझा श्वासही त्याच जागी थांबू लागला. आवाज तरुण नव्हते. एकदोन गळे वरच्या सुराला थोडे थरथरले आणि बाकीच्यांनी त्यांना सावरून घेतलं. मला हे फार भावलं.

१९९४ साली याच मठातल्या गायनाची ध्वनिमुद्रिका जगभर लाखोंनी खपली होती, तेव्हापासून इथे माणसं येतात. एक गोष्ट मात्र मनात ठेवून ऐकावं. मध्ययुगापासून अखंड चालत आलेली ही गायकी नाही. एकोणिसाव्या शतकात मठ बंद पडला होता. १८८० साली फ्रान्समधल्या लिग्युजेहून आलेल्या बेनेडिक्टाइन भिक्खूंनी तो पुन्हा वसवला, आणि फ्रान्समधल्याच सोलेमच्या मठात जुन्या हस्तलिखितांवरून जी गायनपद्धती नव्याने बांधली गेली होती ती त्यांच्याबरोबर आली. सूर जुने आहेत, ते म्हणण्याची रीत बऱ्याच अंशी त्या पुनर्बांधणीची. हे कळल्यावर माझा आनंद कमी झाला नाही. तुटलेलं पुन्हा जोडायला माणसांनी किती कष्ट घेतले असतील, हे उलट जास्त जाणवलं.

मठाच्या अतिथीगृहात फक्त पुरुषांना राहता येतं. बायकांनी गावातल्या छोट्या हॉटेलांत राहावं. आम्ही राहिलो तिथल्या आजींनी रात्री उशिरा, न सांगता, आणखी दोन ब्लँकेटं दारात आणून ठेवली. ओवरी दुपारी बंद असते, वेळा आधी पाहून घ्याव्यात. वेस्पर्सला प्रवेश सगळ्यांना मोकळा आहे, सातच्या सुमारास. पंधरा मिनिटं आधी जाऊन पुढच्या बाकावर बसावं. फोटो, रेकॉर्डिंग नको.

गुरुवार : लेओन

सिलोस ते लेओन गाडीत आम्ही ‘कांतिगास दे सांता मारिया’ ऐकत होतो. कॅस्टिलचा दहावा अल्फोन्सो (राज्यकाळ १२५२ ते १२८४) याच्या आश्रयाने रचली गेलेली, मेरीमातेवरची चारशेहून जास्त गाणी. राजा स्वतःला तिचा त्रुबादूर म्हणवतो, आणि भाषा वापरतो ती प्रेमगीतांची, गॅलिशियन-पोर्तुगीज. आठवं गाणं माझं आवडतं. एक भटका वादक फ्रान्समधल्या रोकामादूरच्या देवळात मेरीच्या मूर्तीपुढे आपलं गजाचं वाद्य वाजवतो आणि जेवणापुरत्या उजेडासाठी एक मेणबत्ती मागतो. मेणबत्ती आपोआप खाली येऊन त्याच्या वाद्यावर बसते. मठातला भिक्खू ती हिसकावून जागच्या जागी लावतो, ती पुन्हा खाली येते. भिक्खूला शेवटी त्याचे पाय धरावे लागतात. रस्त्यावरचं वादन देवीला आवडतं, हे सांगायला खुद्द राजाच्या पोथीतलं गाणं! या गाण्यांची एक सचित्र पोथी माद्रिदजवळ एल एस्कोरियलला आहे. तिच्यातल्या वादकांच्या चित्रांवरून आज वाद्यं पुन्हा घडवली जातात.

लेओनला मात्र मन जड झालं. इथल्या कॅथेड्रलच्या संग्रहात दहाव्या शतकातली एक गीतपोथी आहे, जुन्या हिस्पानिक उपासनापद्धतीची. वर्षभराच्या सगळ्या सणांची गाणी तिच्यात आहेत, अक्षरांवर बारीक, डौलदार स्वरखुणा आहेत. आणि तरीही ती गाता येत नाही. त्या खुणा सूर वर जातो की खाली, किती स्वर एकत्र घ्यायचे, हे सांगतात. नेमका कुठला स्वर, हे नाही. ते गाणाऱ्याला आधीच पाठ असायचं, खूण फक्त आठवण द्यायची. पुढे सहाव्या अल्फोन्सोच्या काळात, १०८० साली बुर्गोसच्या धर्मसभेने ही उपासना बाजूला सारून रोमची पद्धत लागू केली. दंतकथा अशी की दोन्ही पद्धतींच्या पोथ्या आगीत टाकून परीक्षा घेतली, हिस्पानिक पोथी आगीबाहेर उडाली, तेव्हा राजाने तिला लाथेने परत आगीत ढकललं. ‘राजे म्हणतील तिकडे कायदे’ ही स्पॅनिश म्हण या गोष्टीशी जोडतात. ज्यांना चाली पाठ होत्या ती माणसं गेली, आणि चालीही गेल्या. विसेक गाणीच आज वाचता येतात, कारण कुणीतरी ती नव्या पद्धतीच्या खुणांत पुन्हा लिहून ठेवली. त्यातली बरीच अंत्यविधीची, सान मिल्यानच्या मठातल्या एका पोथीतली. मला वाटतं, मरणाच्या वेळचं गाणं लोकांनी बदलू दिलं नसावं.

गुरूकडून शिष्याकडे जाणारी विद्या एका पिढीत तुटली की काय होतं, याची इतकी स्पष्ट साक्ष मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पोथीच्या पानांची छायाचित्रं आंतरजालावर आहेत. गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पाहावीत.

सान इसिदोरो चर्चमधलं राजसमाधींचं दालन पाहिल्यावर बरं वाटलं. छतभर १२०० च्याही आधीची चित्रं, रंग अजून ताजे. येशूच्या जन्माची वार्ता मेंढपाळांना कळते त्या चित्रात देवदूत एका बाजूला आणि मेंढपाळ आपल्या उद्योगात: एक शिंग फुंकतोय, एक नळ्यांची बासरी वाजवतोय, एक कुत्र्याला दूध पाजतोय. राजांच्या कबरींवर रानातलं संगीत. इथेही तेच. तिकीट काढताना या दालनात फोटोला मनाई आहे हे सांगतात, आणि ते पाळावं.

संध्याकाळी ‘ओला मोहल्ला’ अशा अर्थाच्या नावाच्या जुन्या भागात गेलो. पेय मागवलं की खाण्याची बशी फुकट येते. बटाटे आणि चीज मागून माझं पोट भरलं, ताईने वाळवलेलं गोमांस घेतलं.

शुक्रवार, शनिवार : सान्तियागो

डोंगर ओलांडून गॅलिशियात उतरलो आणि पावसाला सुरुवात झाली. भुरभुर, कोकणातल्या श्रावणसरींपेक्षा बारीक, पण न थांबणारी. इथे छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं.

कॅथेड्रलच्या आतल्या बाजूचं ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’ हे दार मास्टर मातेओने घडवलं. चौकटीवरच्या लेखात ११८८ हे साल आहे. त्याला वेगळं, वेळ ठरवलेलं तिकीट लागतं आणि एका वेळी थोड्याच माणसांना सोडतात. तिकीट आधीच काढा, दुसरं काही नाही पाहिलं तरी चालेल. कमानीवर बायबलमधले चोवीस ज्येष्ठ अर्धवर्तुळात बसलेले आहेत. मूळ ग्रंथात त्यांच्या हाती प्राचीन तंतुवाद्यं असल्याचं म्हटलंय. मातेओने त्यांना आपल्या काळातली वाद्यं दिली: गजाने वाजवायची, हार्प, साल्तेरियो (तारा छेडायचं चपटं वाद्य). भटके वादक वाजवत तीच. ते वाजवतही नाहीत, सूर जुळवताहेत, शेजाऱ्याशी बोलताहेत. अगदी मधे दोघांच्या मांडीवर मिळून एक मोठं वाद्य आहे, ओर्गानिस्त्रुम. एकजण दांडा फिरवतो, त्याने आतलं चाक तारांवर घासतं. दुसरा पट्ट्या उचलून स्वर बदलतो. एक सूर सतत खाली धरलेला राहतो. गेल्या शतकाच्या अखेरीस कारागिरांनी या दगडांची मापं घेऊन ही वाद्यं प्रत्यक्ष बनवली आणि ती वाजली. म्हणजे कोरणाऱ्याने वाद्य नीट पाहून कोरलं होतं.

इथली पोथी म्हणजे कोदेक्स कालिक्स्तिनुस, ११४० च्या आसपासची. २०११ साली ती चोरीला गेली आणि वर्षभराने कॅथेड्रलमध्ये पूर्वी काम केलेल्या एका वीजतंत्र्याच्या गॅरेजमध्ये सापडली. तिच्या शेवटी अनेक आवाजांच्या रचना आहेत. त्यातली एक तीन आवाजांची असेल तर ती अशा सर्वांत जुन्या लिखित रचनांपैकी ठरते. पण मी आले होते ती सान्तियागोच्या, म्हणजे संत याकोबाच्या, दर्शनाला इथे येणाऱ्या यात्रेकरूंच्या एका गाण्यासाठी. लॅटिन कडव्यांच्या मधे अचानक जर्मन वळणाचे शब्द येतात: ‘हेर्रु सान्तियागु, गोत सान्तियागु’, आणि मग ‘उल्त्रेया’, चला पुढे! वाटेवरची हाळी पोथीत शिरली आहे. त्याच पोथीतल्या एका प्रवचनात रात्रीच्या जागराचं वर्णन आहे: एका बाजूला जर्मन, एका बाजूला फ्रँक, एका बाजूला इटालियन, हातात मेणबत्त्या, कुणी ढोल, कुणी बासऱ्या, कुणी तंतुवाद्यं वाजवतंय, प्रत्येकजण आपल्या भाषेत गातोय. वाखरीच्या मुक्कामी दिंड्यादिंड्यांतून एकाच वेळी चालणारी भजनं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे वाचून वेगळं काही सांगायला नको.

चौकाकडे उतरणाऱ्या कमानीखाली एक बाई चाकाचं वाद्य वाजवत बसल्या होत्या, ओर्गानिस्त्रुमचीच लहान नात, इथे तिला सान्फोना म्हणतात. पाऊस वाढला तसे लोक कमानीत गोळा झाले. मी जवळ जाऊन वाकून पाहायला लागल्यावर त्यांनी वाद्याचं झाकण उघडून चाक, त्यावरची राळ, तारांना गुंडाळलेला कापूस, सगळं दाखवलं आणि दांडा माझ्या हातात दिला. दांडा सारख्या वेगाने फिरवणं हीच खरी साधना आहे; जरा हात अडखळला की सूर फाटतो.

बाजारपेठेत पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या आणि बदामाचा केक नक्की खावा. कॅथेड्रलमधलं मोठं धुपाटणं रोज झोके घेत नाही, त्यासाठी सणाचा दिवस पाहून जावं लागतं.

रविवार : विगो

विगोला फारसं कुणी गाण्यासाठी जात नाही. बंदराचं, कारखान्यांचं शहर. पण तेराव्या शतकातला गीतकार मार्तिन कोदाश इथला मानतात. १९१४ साली माद्रिदमधल्या पेद्रो विंदेल या पुस्तकविक्रेत्याला सिसेरोच्या एका जुन्या ग्रंथाच्या बांधणीत चर्मपत्राचा एक तुकडा सापडला. त्यावर कोदाशची सात प्रेमगीतं होती, आणि त्यातल्या सहांवर स्वरलिपी! आज तो न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. लौकिक गाणं टिकलं ते असं, पुस्तकाचं अस्तर होऊन.

सातही गाणी स्त्रीच्या तोंडी आहेत. ती विगोच्या लाटांना विचारते, माझा सखा पाहिलात का, तो लवकर येईल का? ओळी थोड्याशा बदलून पुन्हा येतात, पालुपद तेच. रचणारा पुरुष, बोलणारी विरहिणी. ‘घनु वाजे घुणघुणा’ ऐकत वाढलेल्या मला त्यात परकं काही वाटलं नाही. ज्ञानदेव आणि कोदाश एकाच शतकातले.

पाऊस थांबला होता. किनाऱ्यावरून समोर सिएस बेटं दिसत होती आणि ताईने पहिलं गाणं म्हटलं, ती ते माद्रिदच्या एका हौशी गायकवृंदात शिकली आहे. मग चढ चढून जुन्या सांता मारिया चर्चपाशी गेलो. आजची इमारत एकोणिसाव्या शतकातली, पण गाण्यात विगोचं चर्च येतं. सहाव्या गाण्यात तर मुलगी चर्चच्या पवित्र अंगणात नाचते आणि म्हणते, मी प्रेमात आहे. नेमकं याच गाण्यावर स्वरलिपी नाही. सुरांसाठीच्या जागा रिकाम्या आहेत.

आजचे गायक त्याला कोदाशच्याच दुसऱ्या एखाद्या गाण्याची चाल लावतात. मला ते योग्य वाटतं. त्या काळी स्तोत्राला प्रेमगीताची चाल आणि प्रेमगीताला स्तोत्राची, हे सर्रास चालायचं. आम्ही पहिल्या गाण्याची चाल लावून पाहिली. ओळी बसतात. पालुपद मात्र आखूड आहे, त्यामुळे ‘अमोर एइ’ हे दोन शब्द ताणून सगळी सुरावट भरावी लागते, आणि ते गळ्याला छान लागतं.